माप आणि शीग

लहान तक्रारींची एक अडचण अशी असते कीं, त्या बोलून दाखविणाऱ्यासच लहानपण येतें. एखाद्या पेढीनें हजारों रुपयांस बुडविलें तर मनुष्य तें चारचौघांत सांगतो, लोकांची सहानुभूति मिळवितो, प्रसंगीं न्यायालयाची पायरीहि चढतो. परंतु पैसे मोजून घरीं आणलेल्या पुडक्यांत भाजी चार घास कमी निघाली, किंवा उसाच्या रसाच्या पेल्यांत रसापेक्षां बर्फच अधिक होता, हें सांगतांना त्याची जीभ अडखळते. "एवढ्याशा खाण्यासाठीं काय हें!" असें लोक म्हणतील ह्या भीतीनें तो गप्प बसतो. आमचें म्हणणें असें कीं, ज्या अन्यायाची तक्रार करण्याची लाज वाटते, त्याचाच विचार अधिक काळजीनें केला पाहिजे. कारण निर्वेध चालूं शकतो तो असाच अन्याय.

मुंबईच्या उपनगरांतील गोराई हें ठिकाण ह्या विचारास मोठें सोयीचें आहे. खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या बाजूस, गोराई ह्याच नांवाची वसाहत आहे. आणि खाडीच्या पलीकडे मूळ गोराई गांव, समुद्रकिनारा, व २००९ सालीं राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्तें उद्घाटन झालेला विश्व विपश्यना पॅगोडा आहे. पलीकडे जाण्याचा जवळचा मार्ग होडीचा. रस्त्यानें जावयाचें तर भाईंदर व उत्तन ह्या बाजूनें मोठा वळसा घ्यावा लागतो. सुटीच्या दिवशीं माणसांची रीघ लागते. लोक किनाऱ्यावर हिंडतात, निघतांना कांहीं खाण्याचें बांधून घेतात आणि होडींत बसतात. पुडकें उघडलें जातें तें खाडीच्या मध्यावर, नाहीं तर पलीकडच्या तीरावर. त्यांत भात अर्धाच निघाला तरी पुन्हां भाडें भरून विचारावयास कोण जाणार? दुकानांत बसून जेवणाऱ्या मनुष्याच्या ताटावर वाढणाऱ्याचे डोळे असतात व वाढणाऱ्याच्या हातावर जेवणाऱ्याचे. पार्सल घेणाऱ्याच्या वांट्यास ही उभयपक्षीं नजर येत नाहीं. झांकण लागलें कीं व्यवहार संपला. खाडी हें ह्या अंतराचें दृश्य रूप आहे इतकेंच. तसें पाहिलें तर प्रत्येक पार्सलाच्या पोटीं अशी एक खाडी असतेच.

एकदां आम्ही व आमचे तीन सहाध्यापक अशाच एका फेरींत होतों. किनाऱ्याजवळच्या एका दुकानांतून चार पुलाव बांधून घेतले होते. डबे चांगले मोठे होते. परंतु उघडल्यावर असें दिसलें कीं, डब्याचा तळ मधोमध वर उचललेला असून भात त्या उंचवट्याच्या भोंवतीं पसरलेला आहे. गणिताचे अध्यापक हंसले. इतिहासाचे अध्यापक रागावले. तिसरे तर्कशास्त्र शिकवितात, ते शांतपणें म्हणाले, "रागावतां कशासाठीं? अमुक इतका भात देईन असें त्यानें सांगितलें होतें काय? वचनच दिलेलें नाहीं, तर वचनभंग कोठला?"

ह्या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. आमचा कायदाहि बव्हंशीं तर्कशास्त्राच्याच बाजूचा आहे. १९५६ च्या कायद्यानें व १९५८ पासून झालेल्या त्याच्या अंमलबजावणीनें शेर, पायली, मण जाऊन ग्रॅम व लिटर आले. २००९ चा वैध मापन कायदा व २०११ चे आवेष्टित वस्तूंविषयींचे नियम ह्यांनीं बंद पुडक्यावर निव्वळ वजन किंवा माप छापणें बंधनकारक केलें. परंतु त्याच नियमांत उपाहारगृहांनीं बांधून दिलेल्या तयार खाद्यपदार्थांस सूट दिलेली आहे. पुढें २०२० च्या अन्नविषयक नियमांनीं दहा किंवा अधिक ठिकाणीं शाखा असणाऱ्या उपाहारगृहांवर पदार्थाचें वाढपाचें माप व त्यांतील उष्मांक पदार्थसूचींत देण्याचें बंधन घातलें. परंतु किनाऱ्यावरच्या एकट्या दुकानास तें लागूं पडत नाहीं. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यानें आपलें वजन बोलून दाखविलेंच पाहिजे, आणि गरम पुलावास मौन पाळण्याची मुभा! अमेरिकेंत २०१६ सालीं एका प्रसिद्ध कॉफीविक्रेत्यावर फिर्याद झाली कीं, थंड पेयांत बर्फ घालून पेय कमी दिलें जातें. न्यायाधीशांनीं ती काढून टाकली. बर्फ घातल्यानें पेय कमी मिळतें हें लहान मुलांनाहि समजतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

तरीहि वचन नव्हतें हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. वचन केवळ तोंडानेंच दिलें जातें असें नाहीं. डब्याचा आकार, दुकानावर लावलेलें चित्र, काल त्याच पैशांत मिळालेला पदार्थ, ह्या सर्वांची मिळून एक भाषा असते. आणि ती समजल्यावांचून कोणतेंहि गिऱ्हाईक पैसे काढून देत नाहीं. मोठा डबा पाहून मनुष्य जी अपेक्षा करतो ती त्यानें आपल्या मनानें रचलेली नसते. डब्यानें ती त्याच्या मनांत घातलेली असते. डबा मजबूत राहावा म्हणून तळास थोडी उभारी लागते, हें आम्ही जाणतों. मग मजबुतीची उभारी कोठें संपली आणि फसवणुकीची कोठें सुरू झाली, हें ओळखावें कसें? जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्यानें १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरील आपल्या निबंधांत राजकारणासाठीं एक कसोटी सांगितली आहे: दुसऱ्याच्या हक्कांस स्पर्श करणाऱ्या ज्या कृत्याचें तत्त्व उघड केल्यास तें कृत्यच साधत नाहीं, तें अन्याय्य होय. राजांच्या तहांसाठीं सांगितलेली ही कसोटी पुलावाच्या डब्यासहि तंतोतंत लागूं पडते. झांकण लावण्यापूर्वीं डबा गिऱ्हाइकापुढें धरून "हा पाहा तळ, आणि हा एवढा भात" असें दुकानदार मोकळेपणानें म्हणूं शकला, तर डबा निर्दोष. तसें म्हणण्यास तो कचरला, तर जें सांगावयाचें राहिलें तीच फसवणूक.

येथें एका गैरसमजास वाट देतां कामा नये. वाढप लहान असणें हा मुळींच दोष नाहीं. मुंबईंत 'कटिंग' चहा मिळतो; तो अर्धा असतो आणि आपण अर्धे आहोंत हें तो आपल्या नांवांतच सांगून टाकतो. कटिंग पिऊन 'फसलों' असें म्हणणारा मनुष्य आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. खुद्द गोराईची अलीकडची वसाहत १९८५ सालीं सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या साहाय्याच्या योजनेंतून उभी राहिली. त्या योजनेंतील पुष्कळ भूखंड अगदीं लहान होते, परंतु लहान म्हणूनच दिले व लहान म्हणूनच घेतले. महाराष्ट्र सरकारनें २६ जानेवारी २०२० रोजीं सुरू केलेल्या शिवभोजन थाळीचें ताट मोठें नव्हते; पण तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशें ग्रॅम भात व शंभर ग्रॅम वरण, असा त्याचा हिशेब आधींच सर्वांपुढें मांडलेला होता. आणि पॅगोड्याच्या परिसरांत साधनेस बसणारे जुने साधक तर दुपारनंतर अन्नच घेत नाहींत. सायंकाळीं लिंबाच्या पाण्यावर राहतात. त्यांचें पोट आमच्यापेक्षां रिकामें असेल, परंतु त्यांच्यावर कोणी अन्याय केला असें म्हणतां येणार नाहीं. जें कमी आपण जाणून स्वीकारलें तें व्रत. जें कमी कोणीं न सांगतां आपल्या गळ्यांत बांधलें ती हानि.

इंग्लंडांत तिसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दींत, सुमारें १२६६ सालीं, पाव व यवसुरा ह्यांविषयीं एक कायदा झाला. त्यांत पावाची किंमत कायम ठेवून गव्हाच्या भावाप्रमाणें त्याचें वजन कमीअधिक करण्याची व्यवस्था होती. म्हणजे किंमत तीच ठेवून माल घटविणें, ही जी युक्ति आज चोरून चालते, ती तेथें सातशें वर्षांपूर्वीं उघड्यावर, ठरलेल्या कोष्टकानें चालत होती. कृति एकच, परंतु एकीस कायदा म्हणावें लागतें व दुसरीस लबाडी. भेद फक्त उजेडाचा. दंडाच्या धाकानें तेथील भटारी डझनामागें एक पाव अधिक घालीत, असेंहि सांगतात.

हा अधिकाचा पाव आम्हांस मापाच्या दुसऱ्या अंगाकडे नेतो. आमच्याकडे धान्य मापतांना पायलीच्या कांठावर जो निमुळता ढीग राही, त्यास शीग म्हणत. माप कांठापर्यंत भरणें हा व्यवहार. शीग राहूं देणें हा मनाचा मोठेपणा. कौटिलीय अर्थशास्त्रांत वजनमापांवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणीं असा नियम आहे कीं, द्रव पदार्थ मापून देतांना पन्नासावा भाग 'मानस्राव' म्हणून अधिक द्यावा. कारण तेवढा भाग मापास चिकटून राहतो. ह्या बारीक नजरेचें आम्हांस फार कौतुक वाटतें. माप भरलें एवढ्यानें तो शास्त्रकार संतुष्ट होत नाहीं. घेणाऱ्याच्या भांड्यांत किती पडलें हें तो पाहतो.

अन्नाच्या बाबतींत तर ही गोष्ट अधिक नाजूक आहे. कागदाच्या रिमांत दहा ताव कमी निघाले तर आपणांस राग येतो. डब्यांत भाजी कमी निघाली तर रागाबरोबर वाईटहि वाटतें. ह्याचें कारण आमच्या भाषेंतच आहे. ताटांत अन्न घालण्यास आपण 'वाढणें' म्हणतों, आणि वृद्धि होण्यासहि 'वाढणें' हाच शब्द आहे. ज्या घरांत आपण लहानाचे मोठे झालों तेथें कोणीं माप धरून वाढलें नाहीं. पान रिकामें दिसलें कीं आणखी पडे. बाजारांतलें शिजविलेलें अन्न विकत घेतांना मनुष्य त्या आठवणीचा थोडा अंश बरोबर घेऊन जातो. दुकानदार ही काहीं आपली आई नव्हे, हें त्यास ठाऊक असतें. परंतु उंच तळाचा डबा त्यास तें फारच कठोरपणें ऐकवितो.

आणि सर्वांनाच हें सारखें लागत नाहीं. ज्याच्या घरीं चूल आहे तो पुलाव कमी पडला तर दोन पोळ्या अधिक करून घेतो. परंतु भाड्याच्या खाटेवर राहणारा कामगार, परगांवचा विद्यार्थी, रुग्णालयांत आजाऱ्याच्या उशाशीं बसलेला नातेवाईक, ह्यांचें तें पार्सल म्हणजेच संबंध जेवण असतें. वरच्या स्थितींतील मनुष्यास जी गंमत किंवा चीड, ती ह्यांस रात्रीची अर्धी भूक आहे. क्षुद्र म्हणून हा प्रश्न बाजूस सारणाऱ्यांनीं क्षुद्र कोणास, हेंहि सांगावें.

दुकानदाराच्या बाजूनेंहि न्यायानें पाहिलें पाहिजे. तेल, गॅस, जागेचें भाडें, नोकरांचा पगार, ह्यांतील कांहीं ना कांहीं नेहमीं चढत असतें. अशा वेळीं त्यानें पाटीवरची किंमत पांच रुपयांनीं वाढविली तर गिऱ्हाईक कुरकुरतें, शेजारच्या दुकानीं जातें. माप पांच घासांनीं घटविलें तर बहुधा तें ध्यानांतच येत नाहीं. परिणाम असा होतो कीं, खरें बोलणाऱ्याचें गिऱ्हाईक तुटतें आणि न बोलणाऱ्याचें टिकतें. लबाडीस असें बक्षीस वांटणारा समाज नंतर लबाडांच्या नांवानें खडे फोडतो, ह्यास काय म्हणावें? आंकडा तेवढा पाहावयाचा आणि वस्तु पाहावयाची नाहीं, ही संवय गिऱ्हाइकाची आहे, व ती त्यासच सोडावी लागेल. अर्थात् ह्यानें दुकानदार दोषमुक्त होत नाहीं. दोष दोघांत वांटला जातो, पुसला जात नाहीं.

तेव्हां मागावयाचें काय? शीग मागतां येत नाहीं. मागून मिळाली तर ती शीग उरत नाहीं. ती देणाऱ्याच्या मनांतून यावी लागते, आणि आली नाहीं म्हणून कोणास दोष देतां येत नाहीं. माप मात्र मागतां येतें, आणि मागावें. पदार्थाच्या नांवापुढें जशी किंमत लिहितात तसें वजन लिहावें. कमी असेल तर कमी लिहावें. वाढत्या खर्चामुळें तें उतरवावें लागलें तर जुना आंकडा खोडून नवा घालावा. ह्यास यंत्र लागत नाहीं, भांडवल लागत नाहीं. एक तराजू व एक खडू पुरतो. मनुष्यें पुष्कळ कमीवर समाधान मानतात, पण तें कमी आहे हें त्यांस आधीं सांगावें लागतें.

आमच्या तर्कशास्त्री मित्रांनीं विचारलें होतें कीं वचन कोठें होतें. जो मनुष्य खाडी ओलांडून पुन्हां येणार नाहीं, त्याच्या हातांत झांकण लावलेला डबा देऊन पैसे घेतले, त्या क्षणींच तें वचन दिलें गेलें. रोजच्या गिऱ्हाइकास पुरतें माप देण्यास धंद्याची अक्कल पुरते. पुन्हां न दिसणाऱ्या गिऱ्हाइकास तें देण्यास नीति लागते, आणि दुकानदाराच्या नीतीची परीक्षा होते ती तेथेंच.