माप कुणाचं घ्यायचं?

प्राथमिक शाळेतल्या पोरांना हातानं वस्तू करायला शिकवावं काय? पांढरपेशा माणसाला विचारा, तो लगेच मान डोलावील. श्रमप्रतिष्ठा, म्हणेल. आमच्या वस्तीत विचारा. तिथं माणसं गप्प होतात.

मी शिकलो त्या शाळेत कार्यानुभवाचा तास होता. वरच्या आळीची पोरं पतंगी कागदाची फुलं करायची. आम्ही पटांगण झाडायचो. गुरुजी म्हणायचे, तुमचा हात सराईत आहे. दहा वर्षांचा हात, आणि सराईत!

आता मीच गुरुजी आहे. मुक्ताईनगर तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेत. मुक्ताईनं चांगदेवाला शिकवलं असं इथं सांगतात. पोर शिकवतं आणि म्हातारा शिकतो, ही गोष्ट वारीत चालते. वर्गात चालेल की नाही, बघायचं होतं.

शाळा झाडणारी मावशी कमरेतून पार वाकलेली. चौथीच्या वर्गाला म्हटलं, हिला वाकावं लागू नये असा खराटा करा. पण आधी तिला झाडताना बघा. मग कागदावर काढा. मग करा. पोरं दोन दिवस नुसती बघत होती. मावशी लाजली, मग चिडली, मग स्वतःच सांगायला लागली की डाव्या अंगाला जास्त दुखतं. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

बांबू गुळगुळीत. सुतळी घट्ट आवळली तरी चार हात मारले की खराटा फिरायचा. दोनदा सुटला. मग आमच्या वस्तीतल्या एका पोरीनं विळ्यानं बांबूला खाच पाडली आणि सुतळी त्या खाचेत बसवली. मी सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं.

दांडा किती लांब ठेवायचा यावर भांडण झालं. मी म्हटलं, सगळ्यांचं माप घ्या. सुतळी खांद्याला लावायची आणि गाठ मारायची. पाटलाच्या घरातला पोरगा हात मागं घेऊन उभा राहिला. म्हणाला, "माहं माप काह्याले, गुरुजी? मी कुठं झाडतो?"

दोस्तहो, नऊ वर्षांच्या पोरानं सगळं शास्त्र एका वाक्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खाच पाडणाऱ्या पोरीचा बाप आला. बसला नाही. म्हणाला, "मास्तर, माही माय झाडू मारत मेली. पोरीले शाळेत काह्याले धाडलं मी?" मी आराखडा दाखवला, खाच दाखवली. त्यानं पाहिलंच नाही. त्याच्या डोळ्यांना खराटाच दिसत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता.

कारण हा डाव जुना आहे. १९३७ साली वर्ध्याला नई तालीम ठरली. हस्तोद्योगातून शिक्षण, सूतकताई मध्यभागी. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी काय केलं? शाळेचे तास कमी केले, उरलेला वेळ पोरांनी घरी बापाचा धंदा शिकावा म्हणून. म्हणजे चांभाराच्या पोरानं चांभारकी, परटाच्या पोरानं धुणी. पेरियार आणि त्यांचे लोक रस्त्यावर आले. १९५४ मध्ये राजाजी गेले, कामराज आले आणि त्यांनी ती योजना फेकून दिली. आता २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभाराच्या हाताखाली. सुताराच्या हाताखाली कुणाचं पोर जाईल, यावर माझी नजर आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या न झालेल्या भाषणात दाखवून दिलं होतं की, जात ही नुसती कामाची वाटणी नव्हे, कामगारांचीच वाटणी आहे. मग हात बंद करून पुस्तकच धरायचं? इंग्लंडात १९९० पासून पाच वर्षांच्या पोरालाही आराखडा काढून वस्तू करणं हा रीतसर विषय झाला. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रानं मराठी माध्यमाच्या पोरांकडून पिशव्या, पवनचक्क्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, आधी कागदावर काढून. तिथं पोराला कुणी विचारत नाही, तुझा बाप काय करतो. विचारतात, हे असंच का? दुसरं कसं होईल? आमच्या बापजाद्यांच्या हातात कसब भरपूर होतं. दोर वळला, कातडं कमावलं, ढोल मढवला. पण वस्तू कशी असावी, किती, कुणासाठी, हे ठरवायचा हक्क त्यांना कुणी दिला नाही. नुसतं कसब शिकवलं तर शाळा गावगाड्याचं दुसरं चाक होते. ठरवायला शिकवलं तर पोर गावगाड्याकडंही तसंच बघेल. चुकलो असेन तर सांगा.

हे त्या बापाला सांगता आलं नाही. म्हटलं, उद्यापासून पटाप्रमाणे सगळी पोरं झाडतील, मीही. तो म्हणाला, "पाहतो." आणि गेला. पोरगी दोन दिवस आली नाही.

पाटलाच्या पोराचं माप मी घेतलं. त्याची गाठ मावशीच्या गाठीच्या चार बोटं खाली पडली. मावशीचा दांडा तिच्या मापाचा, पोरांचा वेगळा. पटावर त्याचा नंबर तिसरा. बुधवारी त्यानं व्हरांडा झाडला, वाईट झाडला. त्याच्या घरून अजून कुणी आलेलं नाही. येतील.