देह कोणाचा? पुनर्रचना शल्यक्रिया आणि त्वचादान

पुनर्रचना शल्यक्रियेला लागणारे मुख्य साहित्य कारखान्यात तयार होत नाही, ते माणसाच्या अंगावरूनच घ्यावे लागते. नाक गेले तर कपाळाची कातडी कामी येते, हात भाजला तर मांडीची. स्वतःच्या अंगावर पुरेशी कातडीच उरली नसेल, तर मृत माणसाची मागावी लागते. त्यामुळे या शास्त्राच्या प्रत्येक पायरीवर धर्म आणि तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न उभा असतो: देह कोणाचा? तो माणसाच्या मालकीचा आहे, तोच माणूस आहे, की काही काळासाठी हाती आलेली ती ठेव आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर भाजलेल्या अनेक रुग्णांचे जगणे अवलंबून असते.

या शास्त्राच्या मूळ रीती दोन आहेत. पहिली त्वचारोपणाची. तिच्यात कातडीचा पातळ पापुद्रा मूळ जागेपासून पूर्ण सुटा करून जखमेवर बसवतात. पहिले दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो. मग खालच्या केशवाहिन्या त्याच्या केशवाहिन्यांशी जुळतात आणि पाच-सहा दिवसांत त्यात रक्त खेळू लागते. दुसरी रीत फ्लॅपची. तिच्यात कातडी आणि तिच्याखालचा थर उचलतात, पण एका बाजूने तो मूळ जागेला जोडलेला ठेवतात, म्हणजे त्याचा रक्तपुरवठा तुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या जोडता येऊ लागल्यापासून असा थर पूर्ण सुटा करून दूरच्या जागीही नेता येतो.

फ्लॅपची रीत भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेला कान सांधण्याची आणि नाक नव्याने करण्याची कृती दिली आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून उचलावी, ती नाकाच्या जागी बसवावी आणि श्वास चालू राहावा म्हणून दोन नळ्या ठेवाव्यात, असे ते वर्णन आहे. याच ग्रंथाच्या शारीरस्थानात आणखी एक धाडसी सूचना आहे. शरीर जाणून घ्यायचे असेल तर मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावा आणि सात दिवसांनी त्वचेपासून सुरुवात करून एकेक थर खरवडून डोळ्यांनी पाहावा. प्रेताचा स्पर्श अशौच मानणाऱ्या समाजात हे लिहिले गेले. जिवंत माणसाच्या उपयोगासाठी मृतदेहाला हात लावणे परंपरेला अगदीच अमान्य नव्हते, असा त्याचा अर्थ होतो.

ही विद्या ग्रंथात लिहिलेली होती, पण ती टिकली कारागिरांच्या हातात. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. या कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेवरून कातडी सोडवली, मात्र दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी तशीच राखली. ती कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवली आणि नाकाच्या कडांना घेतलेल्या चिरेत बसवली. त्यावर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या आणि चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापली. हा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने तयारी केली आणि १८१४ मध्ये लंडनला तीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. युरोपातील आधुनिक पुनर्रचना शल्यक्रियेला इथून चालना मिळाली. कावसजीचे नाव आणि चित्र इतिहासात राहिले, पण नाक करणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

कपाळाच्या कातडीचे नाक झाले, तर ते नाक कोणाचे? कावसजीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे, कारण कातडी त्याचीच होती. असे असूनही सुरुवातीला अशा नाकाला स्पर्श केला की रुग्णाला तो कपाळावर झाल्यासारखा वाटतो. हळूहळू मेंदू नवी जागा ओळखू लागतो. म्हणजे आपल्याच अंगाचा एखादा भाग ‘माझा’ होणे हीसुद्धा काळाने घडणारी गोष्ट आहे.

अवयव दुसऱ्याचा असेल तर हा प्रश्न अवघड होतो, आणि भारतीय वाङ्मयाने तो शल्यविशारदांच्या आधी विचारला आहे. वेताळपंचविशीतील एका कथेत स्त्रीच्या हातून नवऱ्याचे आणि दुसऱ्या पुरुषाचे शिर चुकून एकमेकांच्या धडांवर बसते. नवरा कोणता, असे वेताळ विचारतो. सर्व अंगांत शिर श्रेष्ठ, म्हणून ज्याला नवऱ्याचे शिर तो नवरा, असे विक्रम सांगतो. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या आणि कुमारजीवाच्या चिनी भाषांतरात टिकलेल्या महाप्रज्ञापारमिताशास्त्रात याहून कठोर कथा आहे. एका प्रवाशाचा एकेक अवयव राक्षस उपटतो आणि दुसरा राक्षस त्या जागी प्रेताचा अवयव लावतो. शेवटी सगळा देह परका होतो. मला शरीर आहे की नाही, असे तो प्रवासी भिक्षूंना विचारत फिरतो. जुना देहही कधी ‘तू’ नव्हतासच, असे त्याला समजते. वेदान्ताची दिशा वेगळी असली तरी देहावर ‘मी’पणाचा आरोप करणे ही मूळ चूक होय, हे शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच मांडतात.

विसाव्या शतकात या चर्चेत एक नवी साक्ष आली, ती शरीराचीच. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर उपचार करताना पीटर मेडावर आणि टॉमस गिब्सन यांना एक गोष्ट आढळली. दुसऱ्या माणसाची कातडी काही दिवस टिकते आणि मग गळून पडते. त्याच दात्याची कातडी पुन्हा लावली तर ती आणखी लवकर गळते. त्यांचा हा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मेडावर यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मन ‘मी’ म्हणो वा न म्हणो, शरीराच्या पेशी आपले आणि परके ओळखतात आणि ती ओळख लक्षातही ठेवतात. तरीही त्यावरून देह म्हणजेच आत्मा, असे ठरत नाही. पेशी दात्याचा हेतू ओळखत नाहीत, रुग्णाची जगण्याची इच्छाही ओळखत नाहीत. माणूस कोण, हा प्रश्न त्यांच्या निवाड्याने संपत नाही.

या गळून पडणाऱ्या कातडीनेच जीव वाचतात. माणूस खूप भाजला की उघड्या जखमेतून शरीरातले पाणी, क्षार आणि प्रथिने वाहून जातात आणि जंतू आत शिरतात. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर स्वतःची निरोगी कातडी झाकायला पुरत नाही. अशा वेळी दात्याची कातडी जखमेवर बसवतात. ती काही आठवडे आवरणाचे काम करते, वेदना कमी करते आणि संसर्ग रोखते. तेवढ्या अवधीत ज्या जागेवरून रुग्णाची स्वतःची कातडी काढली होती ती जागा भरून येते, तिथून पुन्हा पातळ पापुद्रा काढता येतो, आणि दात्याच्या कातडीची जागा रुग्णाची कातडी घेते.

ही कातडी त्वचापेढीत साठवतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. ठाणे-वाशी रेल्वेमार्गावरील ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या रहिवाशांना ती जवळची. या पट्ट्याला तिची गरजही आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत झालेले स्फोट सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण भाजण्याच्या घटना फक्त कारखान्यांत घडत नाहीत. गळणारा गॅस, चुलीजवळचा पदर, उकळते पाणी आणि विजेचा धक्का हे धोके कोणत्याही घरात असतात.

त्वचादान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत करायचे असते. त्वचापेढीचे पथक घरी किंवा रुग्णालयात येते आणि दोन्ही मांड्या, पाय व पाठ येथील वरचा अगदी पातळ थर डर्माटोम या उपकरणाने काढते. या कामाला सुमारे पाऊण तास लागतो. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही, आणि बांधणी करून तो अंत्यविधीसाठी नातेवाइकांच्या हवाली केला जातो. दाता अठरा वर्षांवरील असावा, वयाला वरची मर्यादा नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. एड्स, कावीळ ब आणि क, रक्तातला जंतुसंसर्ग किंवा त्वचेचा कर्करोग असेल तर त्वचा घेत नाहीत. घेतलेली त्वचा तपासून ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, चार ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली की पाच वर्षांपर्यंत वापरता येते.

इतके सोपे असूनही घराघरांतून नकार येतो, आणि त्यामागे बहुधा धर्माची काळजी असते. देह अपुरा राहिला तर पुढच्या जन्मी व्यंग येईल, अंत्येष्टी अपुरी ठरेल, आत्म्याला गती मिळणार नाही, अशा या शंका आहेत. त्यांना तिरस्काराने उत्तर देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या मुळाशी गेलेल्या माणसावरचे प्रेम असते. पण शास्त्रांचा आधार त्यांना मिळत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह टाकणाऱ्याला जुने वस्त्र टाकणाऱ्याची उपमा दिली आहे. तैत्तिरीय उपनिषद देहाला अन्नमय म्हणते, अन्नातून झालेला आणि अन्नातच परत जाणारा. जी कातडी तासाभराने अग्नी घेणार आहे, तिचा पातळ थर आधी काढल्याने कोणताही विधी अडत नाही. दधीचींनी देवांसाठी आपल्या अस्थी दिल्या आणि शिबीने कबुतरासाठी मांस दिले, या कथांना पुराणांत धर्माचे शिखर मानले आहे. देहदानाचा प्रचार करणाऱ्या डोंबिवलीतील मंडळाने दधीचींचेच नाव घेतले आहे. दफन करणाऱ्या धर्मांतही हा विचार झाला आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये काही अटींवर अवयवरोपणाला मान्यता दिली. उलेमांमध्ये मतभेद मात्र आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये अवयवदानाला प्रेमाची कृती म्हणून पाठिंबा दिला.

भारतीय कायदाही याच दिशेने जातो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा २०११ मध्ये दुरुस्त होऊन त्यात त्वचेसारख्या ऊतींचाही समावेश झाला. हा कायदा दान करू देतो, विक्री करू देत नाही. जी वस्तू देता येते पण विकता येत नाही, ती मालमत्ता नसते. देह ही ठेव आहे, असे भक्तिपरंपरा शतकानुशतके सांगत आली. कायद्याच्या भाषेतून तेच निघते.

इथे एक गंभीर आक्षेप उरतो. देह म्हणजे ‘मी’ नव्हे, हे खरे असेल तर भाजलेला चेहरा पुन्हा घडवण्यासाठी इतका खटाटोप कशाला? या प्रश्नाला कुष्ठरोग्यांच्या शस्त्रक्रियांनी उत्तर दिले आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशिर अंटिया यांनी कुष्ठरोगाने बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे दुरुस्त करण्यात आयुष्याची अनेक वर्षे घातली. औषधाने रोग बरा झाला तरी चेहऱ्यावरच्या खुणा राहतात, आणि त्या खुणा असेपर्यंत गाव त्या माणसाला परत घेत नाही. माणूस चेहऱ्याने ओळखला जातो, चेहऱ्याने कामावर जातो, चेहऱ्याने लोकांत बसतो. आत्मा देहाहून वेगळा असला तरी जगाशी त्याचा सगळा व्यवहार देहातूनच चालतो.

म्हणून देहाविषयीचे वैराग्य कोणी कोणाला लावायचे, याचा नियम स्पष्ट असायला हवा. ते ज्याने त्याने स्वतःच्या देहाला लावावे. मृत्यूनंतर माझी कातडी घ्या, हे म्हणणे वैराग्य. भाजलेल्या मुलीला ‘रूप नश्वर आहे’ असे सांगणे मात्र निर्दयपणा. दात्याच्या बाजूने अनासक्ती आणि रुग्णाच्या बाजूने करुणा, या दोन्ही एकत्र आल्या तरच अध्यात्म आणि शल्यक्रिया यांचे नाते नीट जुळते. त्वचादानात तसे घडते, आणि दात्याच्या पदरी काहीही राहत नाही. त्याची कातडी काही आठवड्यांनी गळून जाते, रुग्णाच्या अंगावर तिची खूण राहत नाही, दात्याचे नावही रुग्णाला कळत नाही. फळाची अपेक्षा न ठेवता केलेले कर्म याहून शुद्ध रूपात क्वचितच दिसते.

हा निर्णय दुःखाच्या घाईत सुचत नाही. मृत्यूनंतर हातात असतात ते सहाच तास, आणि त्या वेळी संमती जवळच्या नातेवाइकांनी द्यायची असते. त्यामुळे अर्ज भरून कपाटात ठेवल्याने काम भागत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्याच नव्हे, तर प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा मुलांना, सुनांना, जावयांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी आणि जवळच्या त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांक घरात सर्वांना सापडेल अशा जागी लिहून ठेवावा.