उखळीच्या सांध्याची परीक्षा

सेंट पीटर्सबर्ग शहरात अलेक्झांड्रिन्स्की नाट्यगृहाच्या पाठीमागे एक छोटा रस्ता आहे. तो ज्याने रेखला त्या कार्लो रोस्सी या वास्तुविशारदाचेच नाव त्याला दिलेले असून, त्याची लांबी 220 मीटर, रुंदी 22 मीटर आणि दुतर्फा उभ्या असलेल्या इमारतींची उंचीही 22 मीटर, अशी ही काटेकोर प्रमाणबद्धता पाहून परका माणूस क्षणभर थबकतो. सम्राज्ञी ॲनाच्या हुकुमाने 1738 साली स्थापन झालेली नृत्यशाळा, म्हणजे आजची वागानोवा अकादमी, याच रस्त्यावर नांदते. आणि प्रवेशाच्या हंगामात तिच्या दाराशी दहा-दहा वर्षांच्या मुलामुलींचे हात धरून त्यांच्या आया उभ्या असतात. रस्त्याचे प्रमाण एकदा जमले ते कायमचे जमले. मुलांच्या देहाचे प्रमाण अजून ठरायचे असते, पण ते मोजले जाते त्याच दिवशी.

या परीक्षेला अभ्यासक्रम नाही, आणि उमेदवाराने पूर्वी नृत्याचे पाऊल टाकलेले असावे अशी अटही नाही. मुले अंगावर जेमतेम वस्त्रे ठेवून ओळीने उभी राहतात. परीक्षक मानेची लांबी, पाठीचा कणा आणि धडाशी पायांचे प्रमाण न्याहाळतात. गुडघे बेडकासारखे दोन्ही बाजूंना पाडायला लावून खुबा किती उघडतो ते अजमावतात. पाय पुढे, बाजूला आणि मागे उचलून पाहतात. पावलाची कमान हातात घेऊन वाकवतात आणि मग उडी मारायला सांगतात. या चाळणीतून जी उरतात त्यांची वैद्यकीय तपासणी होते, आणि तालाची व संगीताची जाण पाहण्याची पाळी त्यानंतर येते. कलेच्या शाळेत कलेला शेवटची खुर्ची मिळावी याचे नवख्याला नवल वाटते, परंतु बॅलेचा सारा डोलारा ज्या 'टर्नआउट'वर उभा आहे, म्हणजे पाय खुब्यापासूनच बाहेरच्या दिशेला वळण्यावर, त्याचा विचार केला की हा क्रम उमगतो. मांडीच्या हाडाचा गोलक ज्या उखळीत फिरतो तिची खोली आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे बहुतांशी जन्माबरोबर आलेले असते. स्नायू ताणता येतात, बंध सैल करता येतात. उखळ मात्र कितीही पहाटे उठून रियाज केला तरी आपली जागा सोडत नाही.

पालकांच्या साहाय्याचा प्रश्न याच ठिकाणी अवघड होतो, आणि माझ्या मते त्याची चर्चा सहसा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. मुलाला शिकवणी लावावी, सकस आहार द्यावा, मन खंबीर करावे, अपयश पचवायला शिकवावे, ही सर्व वचने प्रयत्नाच्या परीक्षेला लागू पडतात. येथे ओळीत उभे राहते लेकरू आणि मोजदाद होते ती आईबापांच्या वडिलोपार्जित मिळकतीची. बापाची आखूड पोटरी आणि आजीचे सपाट पाऊल यांचा हिशेब नातीच्या नावावर निघतो. नापसंतीचा शेरा मात्र तिच्याच अर्जावर पडतो, आणि आपण कोठे कमी पडलो हे शोधीत ती घरी येते. अशा वेळी "आणखी मेहनत करायला हवी होती" असे म्हणणाऱ्या मातेला आपण धीर देत आहोत असे वाटते. वस्तुतः जो गुन्हा घडलाच नाही त्याचा कबुलीजबाब ती मुलीकडून लिहून घेत असते.

आपल्याकडे तर ही भूल भाषेतच मुरलेली आहे. "आमचे यंदा दहावीचे वर्ष" हे वाक्य चाळिशीच्या गृहस्थाने उच्चारले तरी कोणाला हसू येत नाही. मुलाच्या परीक्षेत स्वतःला घालण्याची ही सवय गणिताच्या बाबतीत फार तर हास्यास्पद ठरेल; पण जेथे खरोखरच मुलाच्या आडून पालकाचा देह तपासला जातो, तेथे हा 'आम्ही' एरवीच्या मानाने खरा असतो, आणि म्हणूनच तो अधिक जपून वापरावा लागतो.

मग ही निवडच क्रूर म्हणून मोडीत काढावी काय? तसे मला वाटत नाही. ज्याचा खुबा वळत नाही असा मुलगा शिक्षकाच्या धाकाने पाऊल वळवू लागला, तर ते वळण गुडघ्यातून आणि घोट्यातून काढले जाते, आणि त्याची वसुली पुढे त्या सांध्यांकडून होते. वशिल्याने प्रवेश देणाऱ्या दयाळू माणसापेक्षा नकार देणारा कठोर परीक्षक येथे पुष्कळदा मुलाचा अधिक हितचिंतक असतो. पण हे मोजमाप उपयुक्त आहे म्हणून ते अंतिम आहे, असे मानण्याचे कारण नाही. ज्या अग्रिपिना वागानोवाचे नाव 1957 पासून या शाळेला आहे, तिला स्वतःला आदर्श देहयष्टी लाभलेली नव्हती; बॅलेरिना हा दर्जा तिला मिळाला तो 1915 साली, रंगभूमीवरून निवृत्त होण्याच्या उंबरठ्यावर. आपल्या शरीराने जे सहज दिले नाही ते कशाने मिळते याचा शोध तिला घ्यावा लागला असेल, आणि 1934 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या नृत्यपद्धतीवरील ग्रंथाची बारकाई त्या शोधातूनच आली असेल, असे मानण्याचा मोह मला आवरत नाही. पुढे नामांकित नर्तिका झालेल्या ॲना पाव्हलोवाला तर याच शाळेने प्रथम वयाच्या कारणावरून परत पाठविले होते. तिची आई धोबीण होती. एका बॅलेच्या प्रयोगाने झपाटलेल्या मुलीला घेऊन ती परत गेली आणि 1891 साली, मुलगी दहा वर्षांची झाल्यावर, पुन्हा घेऊन आली.

परंतु यशस्वी झालेल्यांच्या मातांचे दाखले देणे सोपे असते, म्हणून मला वारंवार आठवते ती दुसरी एक माता. 1913 साली मारिया बालांचिवाद्झे आपल्या तमारा या मुलीला घेऊन याच शाळेच्या परीक्षेला आली. नौदलाच्या शाळेत घालण्याचे योजिलेला नऊ वर्षांचा मुलगा केवळ सोबत म्हणून बरोबर होता. आलाच आहे तर यालाही ओळीत उभे करा, असे कोणा अधिकाऱ्याने सुचविले. मुलगी नापसंत झाली आणि मुलगा पसंत झाला; एवढेच नव्हे तर त्याला त्याच दिवशी तेथेच ठेवून घेण्यात आले. तो तेथून पळून एका नातेवाईक बाईंच्या घरी गेला आणि तेथून त्याला परत आणून पोचविण्यात आले. पुढे हाच जॉर्ज बॅलन्चिन अमेरिकेतील बॅलेचा शिल्पकार झाला, आणि त्या कीर्तीच्या उजेडात तो दिवस आपल्याला भाग्याचा वाटू लागतो. त्या दिवशी मात्र त्या मातेजवळ दोन रडवेली मुले होती: एकाला हवे ते नाकारले गेले म्हणून, आणि दुसऱ्याला नको ते मिळाले म्हणून. स्वीकार हाही वियोगच असतो, हे पालकांना सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

या स्वीकाराची किंमत आपल्या मुंबईनेही पाहिली आहे. येहुदा माओर या शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेला नवी मुंबईच्या एका वेल्डरचा मुलगा, अमिरुद्दीन शाह, 2017 साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याच्या खर्चासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. लहानपणापासून शिकवणी आणि आरशाची खोली ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्या तुलनेत हा मुलगा फार उशिरा बॅलेकडे वळला होता, आणि वयाचा कोणताही काटेकोर नियम त्याला बाहेरच ठेवता. त्याच्या बाबतीत नियमाने थोडे डोळे मिटले, हे बरे झाले.

राहता राहिला तो परीक्षेचा दिवस. आदल्या संध्याकाळी पाय ताणून घेण्याचा अट्टाहास करू नये, कारण दुखरा स्नायू सकाळी कमीच उघडतो. दुपारचा डबा नेहमीचाच असावा. निकालाच्या यादीपाशी आईने मुलीच्या पुढे धावू नये. परत निघाल्यावर बोलण्याची घाई नको. केस ओढून बांधलेल्या अंबाड्यात डझनभर आकडे खोचलेले असतात आणि सकाळपासून ते डोक्याला टोचत असतात. आगगाडीत शेजारी बसून ते एकेक करून काढून ओंजळीत ठेवायला, निकाल काहीही असला तरी, बराच वेळ लागतो.