एका पानात किती जीव? पानफुटी आणि जीवाच्या एकत्वाचा प्रश्न

पानफुटी ही जाड, रसाळ पानांची वनस्पती मूळची मादागास्करची असली, तरी महाराष्ट्रातील परसात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत ती इतकी रुळली आहे, की तिचे परकेपण कुणाच्या ध्यानीही येत नाही. तिचे गळून पडलेले पान ओलसर मातीवर राहिले, तर त्याच्या कडेच्या खाचांमध्ये दडलेले अंकुर जागे होतात. पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळे खाली उतरतात, नखाहून लहान पानांची जोडी वर येते, आणि मूळ पान आपल्यातला पाण्याचा साठा या पिल्लांना पुरवीत हळूहळू सुरकुतत जाते. घरच्या बागेत ही एक सोय मानली जाते. परंतु ‘एक जीव’ कशाला म्हणावे, या तत्त्वज्ञानातील फार जुन्या प्रश्नाला ती थेट भिडते.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, वृक्षाचा दृष्टांत देतो. वृक्षावर कुठेही घाव घातला तरी तो जिवंत असल्यामुळे त्यातून रस पाझरतो. जीवाने एखादी फांदी सोडली की ती फांदी वाळते, आणि त्याने सगळा वृक्ष सोडला की सगळा वृक्ष वाळतो. शरीर मरते, जीव मरत नाही, असा या दृष्टांताचा रोख आहे. येथे जीव एकच असून तो साऱ्या वृक्षाला व्यापून असतो. आता पानफुटीचे पान वृक्षापासून सुटूनही वाळत नाही, उलट त्यातून पाच-सात रोपे उभी राहतात, तेव्हा त्या एका जीवाने पानाला सोडले की नाही? सोडले म्हणावे, तर पान जगते कसे. आणि सोडले नाही म्हणावे, तर एकच जीव दोन वेगळ्या कुंड्यांत कसा नांदतो? अर्थात उद्दालकाला वनस्पतींचे वर्गीकरण सांगायचे नव्हते, आणि दृष्टांत त्याच्या हेतूपलीकडे ताणणे न्याय्य ठरणार नाही. पण त्याच्या वृक्षाला पानफुटीचे कोडे सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

जैन आचार्यांनी मात्र हे कोडे समोर ठेवूनच विचार केलेला दिसतो. त्यांच्या मते वनस्पती एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाचे ज्ञान असलेल्या, जीवांत मोडतात आणि त्यांचे दोन प्रकार होतात: एका शरीरात एकच जीव असेल ती ‘प्रत्येक’ वनस्पती, आणि अनंत जीवांचे मिळून एकच शरीर असेल ती ‘साधारण’ वनस्पती किंवा अनंतकाय. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ या प्राकृत ग्रंथात साधारण वनस्पती ओळखण्याच्या ज्या खुणा दिल्या आहेत, त्यांतली एक आहे छिन्नरुह असणे, म्हणजे तोडल्यावरही पुन्हा उगवणे. श्रावकांनी वर्ज्य मानलेल्या बत्तीस अनंतकायांच्या परंपरागत यादीत आले आणि सुरणाच्या जोडीला कोरफड व थोर यांचीही नावे येतात, हे घरी रसाळ वनस्पती जोपासणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. अनंत जीवांची कल्पना सर्वांना पटेलच असे नाही. तरीही या आचार्यांनी सिद्धांत डोळ्यांपुढच्या रोपाशी ताडून पाहिला, हे त्यांचे मोठेपण नाकारता येत नाही. ॲरिस्टॉटलनेही आत्म्यावरील आपल्या ग्रंथात हेच निरीक्षण नोंदवले आणि वनस्पतीतील आत्मा प्रत्यक्षात एक, पण शक्यतेच्या रूपाने अनेक असतो, असा तोडगा काढला. तो नेटका आहे. मात्र शक्यतेचे प्रत्यक्षात रूपांतर नेमके केव्हा होते, पान तुटते तेव्हा की मूळ फुटते तेव्हा, हे त्यातून कळत नाही.

जीवांची संख्या अनिश्चित राहिली म्हणून रोपाविषयीचे कर्तव्य अनिश्चित राहत नाही. जैन आचारात ‘यतना’ म्हणजे प्रत्येक कृती कमीत कमी हिंसा होईल अशा सावधपणाने करणे, आणि रसाळ वनस्पतींच्या जोपासनेला याहून नेमके तत्त्व सापडणार नाही. या वनस्पती दिवसा पर्णरंध्रे मिटून पाणी राखतात आणि रात्री ती उघडून कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतात. म्हणूनच पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा ओसरतो, ही गोष्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी नोंदवली आणि ती १८१५ साली प्रसिद्ध झाली. ज्या रोपाचा दिनक्रम असा काटकसरीचा आहे, त्याला तुळशीप्रमाणे रोज पाणी घातले, तर मुळांभोवतीची हवा कोंडते आणि ती कुजतात. जैन दृष्टीने पाणी हेही अप्काय जीवांचे शरीर असल्यामुळे अनावश्यक पाणी ओतणारा दुहेरी हिंसा करतो. हा विचार श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवला, तरी स्वतःच्या समाधानासाठी केलेली देखभाल आणि रोपाच्या गरजेनुसार केलेली देखभाल यांत अंतर आहे, आणि यांपैकी दुसरीच धर्म्य म्हणता येते.

म्हणून कुंडीतली माती बोटभर खोलवर कोरडी झाल्याखेरीज पाणी घालू नये, कोरफडीचे पिल्लू वेगळे केल्यावर त्याची जखम सुकेपर्यंत ते मातीत लावू नये, आणि पानफुटीचे गळलेले पान केरात टाकण्यापूर्वी त्याच्या कडा एकदा नीट पाहाव्यात.