काच कोणी बसवावी?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही साखळीहून डिचोलीला चाललो होतो. पुढे खडी भरलेला ट्रक होता. त्याच्या मागच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि आमच्या गाडीच्या समोरच्या काचेवर येऊन आदळला. आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला, पण काच फुटून अंगावर आली नाही. खालच्या कोपऱ्यात फक्त एक बारीक रेघ उमटली. सकाळी ती चार बोटे होती. दुपारच्या उन्हात गाडी उभी राहिली, संध्याकाळी खड्ड्यांतून परत आलो, तोवर ती वीतभर वाढून चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आली होती.

वाचक म्हणतील, फुटली तर काच बदलावी, त्यावर मासिकात लेख कशाला? आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु ती काच बदलण्याचे काम कोणाला द्यावे हा प्रश्न समोर आला, तेव्हा त्या वीतभर रेघेने आमच्या मनातल्या कितीतरी गोष्टी उघड्या केल्या. म्हणून हा प्रपंच.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, शहरातल्या मोठ्या कार्यशाळेची. तिथे विमा कंपनीशी थेट व्यवहार होतो आणि स्वच्छ छापील बिल मिळते. दुसरी, आमच्याच लहानशा मंडळीतल्या एका तरुणाची. त्याने नुकतेच गाड्यांच्या काचांचे दुकान घातले होते. तिसरी, बाजाराच्या कडेला पत्र्याच्या छपरीत वर्षानुवर्षे काचा बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींची. ते आमच्या मंडळीचे नव्हेत, आमच्या धर्माचेही नव्हेत.

तरुणाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खरा पेच त्याच्यामुळेच पडला. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत अनेक घरे लोहखनिजाच्या ट्रकांवर चालत होती. खाणीतून माल उचलायचा आणि नदीकाठच्या धक्क्यावर बार्जपर्यंत पोचवायचा, हा त्या घरांचा दिनक्रम. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे मर्यादित प्रमाणात परवानगी मिळाली, पण २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. डोंगर, शेते आणि पाण्याचे झरे यांची झालेली हानी पाहता न्यायालयात गेलेल्यांची तक्रार पोकळ नव्हती, हे आम्ही जाणतो. पण कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात गंजत उभा राहिलेलाही आम्ही पाहिला आहे. या तरुणाच्या वडिलांचा ट्रक तसाच उभा राहिला आणि शेवटी मिळेल त्या किमतीला गेला. अशा घरातल्या मुलाने उमेद धरून दुकान घातले. त्याला पहिली कामे आपण द्यायची नाहीत, तर कोणी द्यायची?

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भगिनीने उपासनेनंतर आम्हांला तेच विचारले. “घरचा मुलगा सोडून तुम्ही बाहेरच्याला पैसे देणार?” आम्ही निरुत्तर झालो, आणि मनात ठरवलेही की काम त्यालाच द्यायचे.

पण देण्यापूर्वी हे काम असते तरी काय ते समजून घ्यावे असे वाटले. समोरची काच ही साधी काच नसते. ती दोन काचांची असते व मधे प्लास्टिकचा पातळ पारदर्शक पडदा चिकटवलेला असतो. या कल्पनेचा उगम १९०३ सालचा सांगतात. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू खाली पडला. तो तडकला पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या द्रवाचा पातळ थर होता. त्यावरून अंगात न घुसणारी काच करण्याचे त्याने मनावर घेतले. आमच्या अंगावर काच आली नाही, ती त्या पडद्यामुळे. बाजूच्या दारांची काच वेगळी असते. ती फुटली की तिचे बारीक दाणे होतात.

पूर्वीच्या गाड्यांत समोरची काच रबराच्या पट्टीत अडकवलेली असे. आताच्या मोटारींत ती सीलंटने थेट पत्र्याच्या चौकटीला चिकटवतात, आणि मग ती गाडीच्या सांगाड्याचाच भाग होते. गाडी उलटली तर छपराला आधार देण्यात तिचा वाटा असतो. पुष्कळ गाड्यांत शेजारच्या आसनापुढची हवेची पिशवी फुगते, ती या काचेवर रेलून. काच नीट धरलेली नसेल, तर नेमक्या त्या क्षणी ती निखळते. जुनी काच काढताना चौकटीवर ओरखडा गेला आणि त्यावर लेप न देता नवी काच बसवली, तर आमच्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तिथे गंज धरतो. चिकटवण्याच्या कडेला तेलकट बोट लागले किंवा पत्रा ओला राहिला, तर पकड कच्ची राहते. यातले काहीही बाहेरून दिसत नाही. काम चांगले झाले काय नि वाईट झाले काय, त्या संध्याकाळी दोन्ही काचा सारख्याच लखलखीत दिसतात.

आमच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. भाजी घेताना आपण ती हातात घेऊन पाहतो, कापड चुरगळून पाहतो. पण काही कामे अशी असतात की ती पारखण्याचा दिवस अपघाताचाच असतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. अशा ठिकाणी काम पारखता येत नाही, माणूसच पारखावा लागतो. आम्ही तिघांनाही तेच दोन प्रश्न विचारले: काम कसे कराल आणि गाडी केव्हा चालवता येईल?

मोठ्या कार्यशाळेतल्या माणसाने कामाची सगळी माहिती व्यवस्थित दिली. मग आवाज खाली करून तो म्हणाला, “दाराला जुना पोचा दिसतोय. विम्याचा अर्ज करताच आहात, तर तोही याच अपघातात दाखवू. तुमचे वरचे पैसे वाचतील.” आमचा विमा संपूर्ण प्रकारचा होता, म्हणून काचेचा खर्च कंपनीकडून मागण्याचा आम्हांला हक्क होता. कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्षाचा विमा तेवढाच असता, तर स्वतःच्या काचेसाठी काहीच मिळाले नसते. अर्ज केला की हप्त्यावरची सूट सहसा जाते. ती बिनदाव्याच्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. तेव्हा पोचा त्यात घुसवून थोडी भरपाई करावी हा मोह लहान नव्हता. पण मनात आले, जो आज आमच्यासाठी कंपनीशी खोटे बोलायला तयार आहे, तो उद्या स्वतःसाठी आमच्याशी खोटे बोलणार नाही कशावरून? एका माणसावरून साऱ्या कार्यशाळेला नावे ठेवणे योग्य नव्हे. तरीही आम्ही तिथून उठलो.

आमचा तरुण आनंदाने म्हणाला, “काका, अर्ध्या तासात बसवून देतो. लगेच घाटात घेऊन जा.” पुढच्याच आठवड्यात आम्हांला चोर्ला घाटाने बेळगावला जायचे होते, हे त्याला ठाऊक होते. आम्ही विचारले, “अशी चिकटवलेली काच किती बसवल्यास?” तो जरा थांबला. ट्रकांच्या आणि जुन्या जिपांच्या रबरातल्या काचा त्याने पुष्कळ बसवल्या होत्या. चिकटवलेली एकही नाही. “पण बघून ठेवलंय, काका. जमेल.” त्याच्या त्या “जमेल”मध्ये लबाडी मुळीच नव्हती. गरज होती, आणि गरजेला अर्धा तास पुरेसा वाटतो.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी आमचे बोलणे ऐकून आधी आभाळाकडे पाहिले. “आज पाऊस आहे, आज बसवणार नाही. ओल्या पत्र्यावर सीलंट धरत नाही. परवा सकाळी गाडी सोडा, दुसऱ्या दिवशी मिळेल. त्याआधी मागू नका. काचेला कॅमेरा असेल तर मी हात लावणार नाही, तो पुन्हा जुळवावा लागतो, कंपनीतच जा.” आमची गाडी जुनी, तिला कॅमेरा नव्हता. नवी काच कोपऱ्यातले मानक चिन्ह पाहूनच घ्यायची, हेही त्यांनी आपणहून सांगितले. बोलण्यात गोडवा नव्हता. पण त्यांच्या प्रत्येक “नाही”मध्ये त्यांचे स्वतःचे काहीतरी नुकसान होते. कामाच्या नियमासाठी समोर आलेले गिऱ्हाईक परत पाठवायला जो तयार आहे, तो कोणी पाहत नसतानाही तो नियम पाळील, असे आम्हांला वाटले.

तरीही मन घुटमळत होते. तरुणाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्या रात्री शब्बाथ शाळेच्या मुलांसाठी पाठ तयार करताना आम्हांला अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातली आठवी ओवी आठवली. नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय. कितीदा वाचली होती. पण कठडा कोणासाठी असतो, हा विचार कधी केला नव्हता. घरधन्याला आपल्या धाब्याची कड अंधारातही ठाऊक असते. कठडा पाहुण्यासाठी असतो, मुलांसाठी असतो.

आणि आमच्या गाडीत रविवारी कोण बसते? लांबच्या वाड्यांवरून येणारी मंडळीची चार मुले. पुढच्या आसनावर बसण्यासाठी दर खेपेस त्यांचे भांडण होते. ती काच आमच्या एकट्याची नव्हती. तरुणावर कृपा आम्ही करणार, कौतुक आमचे होणार, आणि त्याच्या हाताची कच्ची पकड पडताळली जाणार ती त्या मुलांच्या जिवावर. यात औदार्य कसले?

इथे आम्हांला उत्तर सापडले. ज्या चुकीची किंमत आपली आपण भरणार असू, तिथे निवड ममतेने करावी. उलट तिथे ममता न करणे हाच कृपणपणा. पण ज्या चुकीची किंमत दुसऱ्याला भरावी लागेल, तिथे आपल्या ममतेला मत देण्याचा हक्क नाही. आपला माणूस म्हणून शिंप्याकडे कापड द्यावे. सदरा बिघडला तर आपण घालू. पण आपला माणूस म्हणून कोणाच्या हाती मुलांचा जीव देऊ नये.

“मग नवशिक्याने शिकायचे कुठे?” हा प्रश्न उरतोच, आणि तो खरा आहे. सगळेच असा विचार करू लागले तर म्हाताऱ्या मिस्त्रींनंतर साखळीत काच बसवणारा कोण राहील? म्हणून काम दुसरीकडे दिले की आपले कर्तव्य संपले, असे होत नाही. तिथून ते सुरू होते. काम न देण्याचे कारण त्याला तोंडावर सांगणे हा त्यातला पहिला भाग, आणि आमच्यासाठी तोच सर्वांत कठीण होता. वाचकहो, पैसे देणे त्याहून सोपे गेले असते! आम्ही त्याच्या दुकानात जाऊन बसलो आणि सांगितले, “हे काम तुला अजून येत नाही, म्हणून देत नाही. बाजूच्या आरशाचे काम आहे, ते तुझे.” तो “बरं” म्हणाला आणि हातातला कपडा झटकत राहिला. नंतरचे दोन रविवार तो आमच्याशी बोलला नाही. त्या भगिनीही बोलल्या नाहीत.

दुसरा भाग मिस्त्रींकडे होता. आम्ही त्यांना विचारले, “एक मुलगा शेजारी उभा राहून पाहील, चालेल का?” ते म्हणाले, “पाहायला पैसे पडत नाहीत. पण मधे बोलायचं नाही.” काच बसवायच्या सकाळी आम्ही त्याची फारशी आशा न धरता छपरीत गेलो. तो आधीच येऊन उभा होता. मिस्त्रींनी जुने सीलंट तासून त्याचा पातळ थर ठेवला, ओरखड्यांवर लेप दिला, कडेला बोट न लावता काच उचलली. त्या वेळी दुसरी बाजू धरायला त्यांनी मान हलवूनच त्याला बोलावले. बेळगावला जाणे आम्ही चार दिवस पुढे ढकलले.

आमची गोष्ट एवढीच. तो तरुण पुढे मिस्त्रींकडे नियमाने जाऊ लागला असे लिहिता आले असते तर आम्हांला आवडले असते. तो कधी जातो, कधी जात नाही. आमच्याशी बोलतो, पण पूर्वीसारखे मोकळेपणाने नाही. योग्य निवड केली की सगळ्यांची मने जुळतात, असे नसते.

परंतु शब्बाथ शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. मंडळीत माणसे नेमताना हाच प्रश्न निराळ्या वेशात येतो. मुलांचा वर्ग कोणाला द्यावा, सहलीची गाडी कोणी चालवावी, गरिबांच्या निधीची पेटी कोणाकडे असावी? तेव्हा “हा आपला आहे” एवढ्यावर थांबू नये. याच्या हातून चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर येईल, हे आधी विचारावे. आणि ज्याला नाही म्हणावे लागेल, त्याच्या दुकानात जाऊन थोडा वेळ बसावे.