रटाळ तासाचा खरा तोटा

कॉलेजातलं शिकवणं रटाळ असतं ही तक्रार बहुतेक वेळा खरीच असते. जुन्या नोट्स उतरवून देणारा तास आणि ७५ टक्के हजेरी भरावी म्हणून मागच्या बाकावर काढलेला वेळ यांची वकिली करण्याचं काहीच कारण नाही. पण या तासात आपलं नेमकं काय बुडतं, याचा हिशेब आपण चुकीचा मांडतो. वक्ता चांगला असता तर विषय डोक्यात शिरला असता, असं आपण धरूनच चालतो. मानसशास्त्रज्ञ शाना कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हेच तपासून पाहिलं. काळ्या, नारिंगी आणि पांढऱ्या ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते, हे सांगणारी मिनिटभराची चित्रफीत त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवली. एका गटासमोर वक्ता थेट बघत, न अडखळता बोलला. दुसऱ्यासमोर त्याच वक्त्याने तोच मजकूर कागदावर वाकून, चाचरत वाचला. आपल्या पुष्कळ लक्षात राहील, असं पहिल्या गटाला वाटलं. चाचणीत दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले.

मिनिटभराच्या फितीवरून अख्ख्या पदवीचा निवाडा करता येत नाही, हे उघड आहे. उत्तम शिक्षक विषयाची गोडी लावतो आणि ती असल्या चाचणीत दिसत नाही. तरी ऐकताना ‘कळलं’ वाटणं हा शिकल्याचा पुरावा नव्हे, एवढं यातून ठरतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा वाचण्यात चारही सत्रं घालवणाऱ्यांना तो आठवड्याने सुमारे ४० टक्के आठवला. एक सत्र वाचून उरलेल्या तिन्हींत न बघता लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. (पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र नुसतं वाचणारेच पुढे होते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचा आपला सगळा भरवसा त्या पाच मिनिटांवर असतो.) पण न बघता लिहिलेलं चुकलं असेल तर सांगणार कोण? खरा तोटा इथे आहे. व्याख्यान एनपीटीईएलसारख्या ऑनलाइन व्यासपीठावर फुकट मिळतं. आपलं उत्तर कुठे घसरलं हे बोट ठेवून दाखवणारा माणूस तसा मिळत नाही. कॉलेजकडून वसूल करायचं असेल तर ते हेच.

मग संस्थांना मोकळं सोडायचं का? उलट, दोष कुठे आहे ते यातून नेमकं दिसतं. महाराष्ट्रात कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. नंतर व्हरांड्यात शंका सोडवण्यात गेलेली वीस मिनिटं कुठल्याच बिलात बसत नाहीत. जे बाहेर फुकट मिळतं त्याचेच पैसे द्यायचे आणि जे मिळत नाही त्याचे द्यायचे नाहीत, असा हा उफराटा कारभार आहे. अशा शिक्षकाचा वेळ मागताना विद्यार्थ्याने संकोचावं हेही समजण्यासारखं आहे. पण ‘सर, हा धडाच कळला नाही’ याला तास लागतो. ‘दुसऱ्या पायरीनंतर माझं गणित कुठे बिघडलं?’ याला दोन मिनिटं पुरतात. आणि असा नेमका प्रश्न आला की वर्गात कंटाळा आणणारा शिक्षकही पुष्कळदा कामाचा निघतो, कारण वक्तृत्व नसलं म्हणजे विषयाची जाण नसते असं नाही.

सकाळचं कॉलेज उरकून दुपारी दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलीला हे परवडायचं कसं, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मात्र वेळ तोकडा असलेल्यालाच नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं सर्वांत महाग पडतं. शिवाय एक साधन हाताशी असूनही वाया जातं. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला. पण तिची छायाप्रत मागवली जाते ती बहुधा विषय राहून केटी लागल्यावर, पुनर्मूल्यांकनात चार गुण वाढतात का ते बघायला. शंभरपैकी ५२ गुण मिळवून पास झालेला छायाप्रतीच्या वाटेला जात नाही, आणि उरलेले ४८ कुठे गेले हे त्याला कधीच कळत नाही.