वऱ्हाड सापडेना

मराठी मजकूर संगणकावर आणणाऱ्या मंडळींचा फोनवर एक गट होता. अक्षरजुळणी करणारे, मुद्रितं तपासणारे, फॉन्टची खटपट करणारे असे सगळे त्यात होते. कोणी पुण्याचा, कोणी नांदेडचा, एक गृहस्थ तर सिंगापूरला. जो तो आपल्या कामात पटाईत. गटाचे प्रमुख होते एक निवृत्त कंपोझिटर. शिशाचे खिळे हाताने जुळवत त्यांनी उमेदवारी केली होती. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

एके दिवशी गटात नव्याने आलेल्या एका मुलीने धीर केला. तालुक्याच्या वाचनालयातली ग्रंथसूची सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. ही सूची बऱ्याच वर्षांत, निरनिराळ्या माणसांनी संगणकात भरलेली. तिने लिहिलं, "सर, प्रश्न बावळट वाटला तर माफ करा. नावात 'वऱ्हाड' असलेली पुस्तकं मला यादीत डोळ्यांनी दिसतायत, पण तो शब्द टाकून शोधलं की निम्मीच सापडतात. माझं काय चुकतंय?"

पहिलं उत्तर लगेच आलं. "शुद्धलेखन तपासा." दुसरं आलं, "हे गटात होऊन गेलंय, वर जाऊन बघा." वर म्हणजे किती वर, ते काही सांगितलं नाही. लिनक्स या संगणकप्रणालीखेरीज दुसऱ्या कशाला हात न लावणारे एक सदस्य होते. ते म्हणाले, "ताई, हा जाणकारांचा गट आहे. गूगल नावाची एक सोय असते." त्यावर भराभर हसरे चेहरे उमटले. थोड्या वेळाने मुलीने आपला प्रश्नच पुसून टाकला.

हे लोक दुष्ट नव्हते. तोच तो प्रश्न दहाव्यांदा आला की भला माणूसही वैतागतो. पण हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता, आणि वैतागण्याची सवय इतकी पक्की झाली होती की तो कोणी नीट वाचलाच नाही.

त्यानंतर नवं माणूस गटात बोलेना. जाणकारांना आधी बरं वाटलं. मग तेही बोलेनासे झाले, कारण उत्तर द्यायला कोणी काही विचारतच नव्हतं. रोज सकाळी सुप्रभात, सणाला शुभेच्छा, अधूनमधून कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. जाणत्यांचे गट भांडणाने क्वचित मरतात. बहुतेक अशा केकनेच मरतात.

महिन्याभराने मास्तरांनी लिहिलं, "त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. ज्याला येत असेल त्याने सांगावं."

कोणालाच येत नव्हतं. लिनक्सवाल्यांनी मात्र मनावर घेतलं. त्यांच्याकडे वर्तमानपत्रांतल्या जुन्या लेखांचा मोठा साठा होता. त्यात त्यांनी 'वऱ्हाड'सारखाच अर्धा र असलेला 'शेतकऱ्यांना' हा शब्द शोधून पाहिला. जे लेख स्वतः वाचलेले पक्के आठवत होते, तेच निकालात नव्हते. मग ते खोलात शिरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा उलगडा गटावर टाकला.

'वऱ्हाड'मधला तो अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ, मग पाय मोडायचं चिन्ह, मग ह. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे' दाबला की हा ऱ मिळतो. दुसऱ्या रीतीत साधा र, पाय मोडायचं चिन्ह, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण युनिकोडमध्ये साध्या र चा क्रमांक ०९३० आणि ऱ चा ०९३१. नुसती चिन्हं ताडून शोधणाऱ्या संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत, म्हणजे त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. आणि शोधातून निसटतं ते एकटं वऱ्हाड नव्हे. तऱ्हा, दऱ्या, पायऱ्या, शेतकरी आणि कर्मचारी यांची सामान्यरूपं, सगळ्यांची हीच गत.

मास्तर लिनक्सवाल्यांना म्हणाले, "राव, काम झकास केलंत. आता तुमच्याच लिनक्सचं ऐका. १९९१च्या जुलैत हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने मिनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या चर्चागटात विचारलं होतं, पॉझिक्स मानकाचे नियम कुठे मिळतील? त्याचं नाव लिनस टोरवाल्ड्स. पुढे त्याने बनवलेल्या प्रणालीच्या फाइली ठेवायला अरी लेम्के नावाच्या माणसाने त्याला सर्व्हरवर जागा दिली, आणि त्या फोल्डरला लिनक्स हे नावही लेम्केनेच दिलं. तिथे त्या पोराची टिंगल झाली असती, तर तुम्ही आज काय मिरवलं असतं? आपल्याला खोटीची सवय होते. ज्याला ती झालेली नसते त्यालाच खोट दिसते. म्हणून नवख्याने विचारलं की आधी ऐकावं."

लिनक्सवाल्यांनी मुलीला गटावरच, सगळ्यांदेखत, "ताई, माझं चुकलं" असं लिहिलं. ती पुन्हा बोलू लागली. दोन्ही रूपं एकसारखी करून देणारी छोटी आज्ञावली त्यांनी तिला करून दिली आणि वाचनालयाची यादी सरळ झाली.

पण सगळेच प्रश्न असे नशीबवान नसतात. पुढचा प्रश्न एका छापखान्यातल्या पोराचा होता. "जुन्या फाइलीतलं मराठी दुसरीकडे चिकटवलं की त्याची इंग्रजी अक्षरं का होतात?" यात दडलेलं नवं काही नव्हतं. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट बदलला की आकार जातात आणि मूळ अक्षरं उघडी पडतात. शंभरदा सांगून झालेली गोष्ट. मास्तरांनी ती एकदाच नीट लिहून ठेवली. आता कोणी विचारलं की तो मजकूर पाठवतात आणि खाली लिहितात, "वाचून पाहा. अडलं तर विचारा." ही शेवटची दोन वाक्यं ते दर वेळी हाताने टंकतात, चिकटवत नाहीत.

तुमच्याकडेही बऱ्याच वर्षांपूर्वीचा मराठी मजकूर साठवलेला असेल, तर त्यात 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन्ही रीतींनी टंकून शोधा. निकाल वेगवेगळे आले आणि पुढे काय करायचं ते सुचलं नाही, तर एखाद्या गटात बेलाशक विचारा. तिथले हसले, तर गट बदला. प्रश्न बदलू नका.